‘फोन लागत नव्हता’



एक छोटे वाक्य आपण सगळेच अधूनमधून बोलतो : ‘फोन लागत नव्हता.’ लग्नाचे आमंत्रण द्यायचे राहिले, बैठकीला कोणी आले नाही, कोणाला दवाखान्यात भरती केले ते कळले नाही, की हे वाक्य पुढे येते. ते आले की बहुधा विषय तेथेच मिटतो. रेंजच नव्हती, तर माणूस काय करणार? पाऊस पडला नाही म्हणून आपण शेतकऱ्याला बोल लावत नाही, तसेच हेही. आम्हीसुद्धा हे वाक्य अनेकदा वापरले आहे आणि दुसऱ्याकडून निमूटपणे ऐकून घेतले आहे. परंतु यंदाच्या मार्च महिन्यात एका तरुणाने हेच वाक्य आमच्यापुढे ठेवून त्याचा अर्थ विचारला. तेव्हापासून ते आमच्या तोंडून सहज निघत नाही. त्याच्याच संमतीने, नाव व गाव न सांगता, ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो. कारण प्रश्न त्या एका घराचा नाही, आपणा सर्वांचा आहे.

आपल्या धर्मग्रामातील एका खेड्यात एक आजी दोन नातवंडांना घेऊन राहत होती. मुलगा व सून ऊसतोडीला गेलेले. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांची हीच तऱ्हा आहे. मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळीनंतर टोळीबरोबर निघायचे, चार-पाच महिने कारखान्याच्या हद्दीत कोपीत काढायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. मागे म्हातारी माणसे, शाळेत जाणारी मुले आणि कुलूप लावलेली घरे. या घरात आजी आणि मुलगा यांना जोडणारा एकच धागा होता, तो म्हणजे मोठ्या नातीच्या हातातला मोबाइल. रात्रीची भाकरी झाली की कोपीवरून फोन यायचा, आजी दोन शब्द बोलायची आणि मग झोपायची.

त्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस व वादळ झाले. विजेचे खांब आडवे झाले, लाइट गेली आणि काही तासांनी गावातला टॉवरही बंद पडला. संध्याकाळी सातच्या सुमारास आजीने प्राण सोडला. नात बापाला फोन लावत राहिली. शेजाऱ्यांनी आपापले फोन काढले. कोणी गच्चीवर चढले, कोणी शाळेच्या मैदानात जाऊन पाहिले. प्रत्येकजण म्हणत होता, ‘येईल आत्ता रेंज.’ असे म्हणता म्हणता रात्र सरली.

पहाटे तेथले मास्तर मोटारसायकलवरून आमच्याकडे चर्चमध्ये आले. आम्ही पहिला प्रश्न विचारला, ‘मुलाला कळवलं का?’ ते म्हणाले, ‘फादर, गावातून फोनच लागत नाही.’ आम्ही ‘अरेरे’ म्हटले आणि दफनविधीचे सामान पिशवीत भरू लागलो. त्या क्षणी आमच्या खिशातल्या फोनला पूर्ण रेंज होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण लहानपणी शिकलो होतो. ती आम्हालाच लागू पडेल असे वाटले नव्हते.

दुपारी बारा वाजता दफन झाले. चारच्या सुमारास रेंज आली. पाच वाजता मुलाला उसाच्या फडात बातमी कळली. रात्रभर प्रवास करून नवरा-बायको दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली, तेव्हा कबरीवरची माती वाळू लागली होती.

तिसऱ्या दिवशी तो चर्चमध्ये आला आणि पायरीवर बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्याचे बोलणे अधिक लागले. तो म्हणाला, ‘फादर, मायला माती बी देता आली नाही. रात्री आठला कळलं असतं, तर बाराच्या आत पोचलो असतो. सगळे म्हणतेत, फोन लागत नव्हता. गावापासून आठ किलोमीटरवर रेंज होती. तुम्हाला बोलवायला मास्तर गाडीवर आले. मग मला फोन लावायला तेवढ्या लांब कोणीच कसं गेलं नाही? तुमी बी तेच सांगणार का, फोन लागत नव्हता म्हणून?’

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आज जे लिहीत आहोत ते त्या उत्तराचा शोध आहे असे समजावे.

प्रथम स्वतःला विचारू या की असे झाले कसे? गावातली माणसे निर्दय नव्हती. त्यांनी रात्रभर मयताजवळ जागरण केले, नातवंडांना जेवू घातले, खड्डा खणला. पूर्वी याच गावाने अशा वेळी काय केले असते? सांगावा धाडला असता. ‘सांगावा’ हा आपला जुना आणि फार अर्थपूर्ण शब्द आहे. कोणाच्या घरी मयत झाली की दोन-तीन जण न सांगता उठायचे. एक जण लेकीच्या गावाला, एक जण भावाच्या गावाला. सायकल असो, बैलगाडी असो वा पायपीट असो. लांबच्या माणसाला तार करावी लागे. तार आली म्हटले की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. ती तार जुलै २०१३ मध्ये देशभर बंद झाली, पण तिची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तार यंत्राने यायची, तरी दारापर्यंत ती आणून देणारा माणूस असे. पुढे एसटीडीचे पिवळे बूथ आले. गावातल्या दुकानात एकच फोन असायचा. पुण्या-मुंबईहून कोणी फोन केला की दुकानदार पोराला पिटाळायचा : ‘जा, मावशीला सांग, लेकाचा फोन आहे, दहा मिनिटांनी परत येणार आहे.’ म्हणजे यंत्राचे काम संपले की शेवटचा टप्पा माणसाच्या पायांनी पार पडत असे.

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्यामध्ये झाले. त्यानंतरच्या तीस वर्षांत हा शेवटचा टप्पा नाहीसा झाला. निरोप थेट खिशात येऊ लागला. ही मोठी सोय आहे, तिला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. पहाटे कोणी अत्यवस्थ असेल तर आम्हाला आज क्षणात कळते. परंतु सोयीबरोबर एक गोष्ट नकळत निसटली. पूर्वी निरोप कोणाच्या तरी स्वाधीन असे. ‘सांगितलंस का?’ असे त्याला विचारता येई आणि तोही स्वतःला विचारत असे. आता निरोप कोणाच्याच स्वाधीन नसतो. तो फोनच्या स्वाधीन असतो. म्हणून फोन बंद पडला की निरोप अनाथ होतो. त्या रात्री गावात पन्नास फोन होते, पण सांगाव्या मात्र एकही नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे, रेंज जाणे हे आपण दैवाच्या खात्यावर टाकतो. खरे पाहता ती का जाते हे समजून घेतले तर बऱ्याच वेळा मार्ग दिसतो. टॉवर विजेवर चालतो. लाइट गेली की तो बॅटरीवर जातो, काही ठिकाणी डिझेलचे जनरेटर असते. बॅटरी संपली, डिझेल नसले की टॉवर मुका होतो. टॉवर चालू असला तरी त्याला पुढे जोडणारी जमिनीखालची केबल रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दातांनी तुटली, तरीही परिणाम तोच. कधी एकाच वेळी हजारो माणसे फोन लावतात आणि मार्गच तुंबतो. यातील पहिल्या दोन प्रकारांत बिघाड बहुधा काही गावांपुरता असतो. थोडे अंतर चालून गेले की दुसऱ्या टॉवरची हद्द लागते. तुंबलेल्या मार्गात पुष्कळदा साधा एसएमएस निघून जातो.

आणखी एक प्रकार आपल्या जिल्ह्याला परिचित आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद ठेवण्यात आले. इंटरनेट बंद म्हणजे साधा फोन बंद नव्हे. परंतु ज्यांचे सारे बोलणे व्हॉट्सअॅपवरच चालते त्यांना हे सुचत नाही. हिरवे चिन्ह चालले नाही की फोनच बंद झाला असे त्यांना वाटते. साधन हाताशी असूनही ते दिसत नाही, कारण सवयीने दुसरेच साधन डोळ्यांसमोर धरलेले असते.

येथे तत्त्वज्ञानातील एक जुना भेद उपयोगी पडतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचा विचार करताना विचारले होते की, ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हटल्याने माणूस दोषमुक्त होतो काय? त्यांचे उत्तर सरसकट ‘होय’ नाही आणि ‘नाही’ही नाही. एक अज्ञान असे असते की माणसाने कितीही यत्न केला तरी ते दूर होणारे नसते. तेथे दोष नाही. दुसरे अज्ञान असे की योग्य ती काळजी घेतली असती तर ते दूर झाले असते. आळसाने, निष्काळजीपणाने वा गृहीत धरल्याने ते राहिले. तेथे अज्ञान हेच दोषाचे घर ठरते. हाच भेद न पोचलेल्या निरोपालाही लावता येतो. ‘फोन लागत नव्हता’ हे वाक्य पुष्कळदा खरे असते. पण ते फक्त एवढेच सांगते की एक साधन बंद होते. बाकीची साधने आपण वापरून पाहिली की नाही, याविषयी ते मौन पाळते. आपण मात्र एक साधन संपले की कर्तव्यच संपले असे समजतो. साधन संपते, कर्तव्य तसे संपत नाही. ते पायांवर येते.

मग त्या रात्रीचा दोष कोणाचा? हा प्रश्न न्यायाने सोडवायचा तर सर्वांना एकाच मापाने मोजता येणार नाही. बारा वर्षांची नात आजीच्या मृतदेहाजवळ बसून फोन लावत होती. तिच्याकडे बोटसुद्धा दाखवता येत नाही. शेजाऱ्यांचा दोष आहे, पण तो दुष्टपणाचा नाही, ‘येईल आत्ता’ म्हणत थांबण्याचा आहे. प्रत्येक घटकेला आणखी थोडे थांबणे शहाणपणाचे वाटत होते आणि त्या घटकांची मिळून एक रात्र झाली. मास्तर तर अंधारात चिखल तुडवत आठ किलोमीटर आले. मुलाचा नंबर कागदावर लिहून आणणे तेवढे त्यांना सुचले नाही. आणि आम्ही? आमच्याजवळ चालता फोन होता, गाडी होती, शांत डोके ठेवायला अवधी होता. नंबर नव्हता हे खरे, पण टोळीचा मुकादम शेजारच्याच गावचा; त्याच्या घरी विचारले असते तर दहा मिनिटांत नंबर मिळाला असता. नाहीतर दफन संध्याकाळपर्यंत थांबवा, असे तरी आम्ही म्हणू शकलो असतो. ज्याच्या हाताशी साधने अधिक, त्याची जबाबदारी अधिक. या हिशेबाने पाहिले तर सर्वांत मोठा वाटा आमचा निघतो. हे आम्ही त्या मुलाजवळ कबूल केले आणि आज आपल्यापुढेही करतो.

या कबुलीमागे केवळ चुटपुट नाही; सेमिनरीत वाचलेला एक तत्त्वज्ञ त्या दिवसांत पुन्हा आठवला. गाब्रिएल मार्सेल हे फ्रेंच विचारवंत. पहिल्या महायुद्धात प्रकृतीमुळे त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. त्यांना रेड क्रॉसचे काम मिळाले आणि ते होते रणांगणावर बेपत्ता झालेल्या सैनिकांचा माग काढून घरच्यांना कळवण्याचे. टेबलावर कार्डे असत. एकेका कार्डावर एकेक नाव, पलटण, शेवटचे ठिकाण. आणि टेबलासमोर आई, बहीण, बायको येऊन उभी राहत असे. मार्सेल यांच्या ध्यानात आले की कार्डावर माणूस मावत नाही. समोरची बाई माहितीसाठी आलेली दिसते, पण तिला माहितीहून अधिक काही हवे असते; तिच्या दुःखाच्या वेळी कोणीतरी तिच्यासाठी हजर असावे, एवढे तिचे मागणे असते. पुढे त्यांच्या विचारात ‘उपलब्ध असणे’ या कल्पनेला मोठे स्थान मिळाले. उपलब्ध असणे म्हणजे नुसते सापडणे नव्हे. माणूस शेजारी बसलेला असूनही उपलब्ध नसतो आणि शंभर कोसांवर असूनही उपलब्ध असतो. आपले मन, आपला वेळ, आपले पाय दुसऱ्याच्या गरजेसाठी मोकळे ठेवणे, हे खरे उपलब्ध असणे.

हा विचार मोबाइलच्या काळात आपल्या फार कामाचा आहे. आपण आज चोवीस तास सापडतो. पण उपलब्ध असतो का? त्या पहाटे आम्ही मास्तरांना सापडलो; त्या मुलासाठी मात्र उपलब्ध झालो नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या, रस्ते बुडाले, फोन लागेनात. आपल्या मराठवाड्यातीलही अनेकजण त्या दिवशी तेथे होते. घरची माणसे कोठे आहेत हे कोणालाच कळत नव्हते. त्या रात्री लोकांनी काय केले? अनोळखी माणसांना घरात घेतले, शाळा, देवळे, मशिदी, चर्चे उघडली, रस्त्यात उभे राहून चहा-बिस्किटे दिली, कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांचे हात धरून साखळी केली. ज्या आईचा फोन मुलाला लागत नव्हता तिने कोणा दुसऱ्याच आईच्या मुलाला जेवू घातले. तिला आपल्या मुलापर्यंत पोचता येत नव्हते, पण कोणापर्यंत तरी पोचता येत होते. फोन बंद होता. माणसे उपलब्ध होती.

आता वाट पाहणाऱ्याच्या बाजूनेही विचार करायला हवा, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. आमच्याकडे अनेक आया येतात. मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे, दोन दिवस फोन नाही. पहिल्या दिवशी काळजी, दुसऱ्या दिवशी राग, तिसऱ्या दिवशी ‘सुनेने शिकवले असेल’ असा निष्कर्ष. नवरा-बायकोंतही हेच. फोन बंद लागला की मनात संशयाचा किडा वळवळू लागतो. पूर्वी पंधरा दिवसांनी पत्र येई आणि तेवढ्यावर घर निश्चिंत असे. आज पंधरा मिनिटांचे मौन आपल्याला सोसत नाही. पण न लागलेला फोन म्हणजे न केलेला फोन नव्हे. मौनाचा अर्थ लावण्याची घाई करणे हाही एक अन्यायच आहे. ज्याला बाजू मांडायची संधीच मिळालेली नाही त्याला आपण मनातल्या मनात शिक्षा ठोठावतो. विश्वास म्हणजे सतत खात्री करून घेणे नव्हे. खात्री करून घेता येत नाही तेव्हाच विश्वासाचे काम सुरू होते. प्रार्थना करणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. उत्तर ऐकू येत नाही म्हणून कोणी ऐकतच नाही असे तो मानत नाही.

म्हणून दोघांना दोन वेगळे नियम. ज्याला कळवायचे आहे त्याने स्वतःशी कठोर असावे : ‘मी सगळे मार्ग पाहिले का?’ ज्याला कळायचे आहे त्याने दुसऱ्याविषयी उदार असावे : ‘त्याला काही अडचण असेल.’ आपण बहुधा याच्या नेमके उलट करतो. स्वतःची सबब लगेच मान्य करतो आणि दुसऱ्याच्या मौनाला सबब शिल्लक ठेवत नाही.

हाच कठोरपणाचा नियम सत्तेलाही लागतो, हे येथे नोंदवावेसे वाटते. अफवा पसरू नयेत, जाळपोळ वाढू नये म्हणून कधी इंटरनेट बंद करावे लागत असेल; ती जबाबदारी आमच्यावर नाही, त्यामुळे त्यावर सहज टीका करणे सोपे आहे. पण बंद करणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या निकालात म्हटले आहे की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, तसे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि उपाय हा धोक्याच्या प्रमाणात असला पाहिजे. कायद्याच्या भाषेत सांगितलेली ही साधी नीती आहे. धागा तोडणे भाग पडले तर का तोडला हे सांगा, गरजेपुरताच तोडा आणि लवकर जोडा.

पुन्हा त्या मुलाकडे येतो. बोलता बोलता तो शेवटी म्हणाला, ‘आदल्या रात्री बॅटरी उतरली म्हणून मीच फोन केला नव्हता, फादर. माझंच चुकलं.’ त्याच्या मनात इतके दिवस हेच सलत होते. आम्ही त्याला सांगितले की हा तुझा दोष नाही, हे तुझे दुःख आहे. दुःख फार झाले की ते दोषाचे कपडे घालून येते. उद्या आई जाणार हे तुला कळण्याचा मार्गच नव्हता. जे कळण्याजोगे नव्हते त्याचा जाब देव मागत नाही, तू स्वतःला मागू नकोस. आम्हाला मात्र तो मागण्याचा तुला हक्क आहे.

शुभवर्तमानात लाझरसच्या बहिणी प्रभू येशूकडे निरोप पाठवतात. तो पोचतो तेव्हा भावाला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था त्याला तोंडावर तक्रार ऐकवते : तू येथे असतास, तर असे झाले नसते. प्रभू तिला गप्प करत नाही. तो तक्रार ऐकून घेतो, कबरेकडे चालत जातो आणि रडतो. उशिरा पोचलेल्या माणसाने काय करावे याचा धडा आम्ही तेथून घेतला. आम्ही त्या मुलाबरोबर कबरीपर्यंत गेलो. त्याने मूठभर माती वाहिली, आम्ही पुन्हा प्रार्थना म्हटली. गेलेली वेळ त्याने परत आली नाही. पण तो म्हणाला, ‘आता जातो फादर, टोळी थांबलीय.’

दिवाळी जवळ आली आहे. टोळ्या पुन्हा निघतील. म्हणून चर्च कमिटीशी बोलून चार गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली : प्रत्येक वस्तीवर दोन सांगावे नेणारे असतील, एक पुरुष, एक स्त्री. रेंज जाऊन एक तास झाला आणि निरोप तातडीचा असला, तर जेथे रेंज असेल तेथवर त्यांनी जायचे. पेट्रोलचा खर्च चर्च देईल.

दुसरी : बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मुकादमाचे नाव व नंबर, कारखान्याचे नाव आणि शेजारच्या कोपीतला एक नंबर चर्चच्या वहीत लिहून जावे. तेच घरी भिंतीवर खडूने किंवा दाराच्या आतल्या बाजूला लिहावे. फोनमधला नंबर फोनबरोबरच बंद पडतो. भिंतीवरचा पडत नाही.

तिसरी : व्हॉट्सअॅप चालले नाही तर साधा फोन, तो लागला नाही तर एसएमएस, हे घरातल्या मुलांना शिकवावे. जीव धोक्यात असेल तर ११२ लावून पाहावा. आपल्या सिमची रेंज नसली तरी तेथे दुसऱ्या कंपनीची असेल तर तो लागू शकतो.

चौथी आमच्यासाठी आहे : जवळच्या नातेवाइकांना कळवण्यासाठी माणूस प्रत्यक्ष गेला होता की नाही, हे विचारल्याशिवाय आम्ही दफनाची वेळ ठरवणार नाही. ‘फोन लागत नव्हता’ हे उत्तर आम्ही यापुढे स्वीकारणार नाही, आणि आपणही आमच्याकडून स्वीकारू नये.

आजच्या मिस्सानंतर वही मागच्या बाकावर ठेवलेली असेल. पहिले नाव त्या मुलाने स्वतः लिहिले आहे. सांगावे नेणाऱ्यांच्या यादीतही त्याने नाव घातले आहे. उन्हाळ्यात गावी असेन तेवढे दिवस तरी, असे तो म्हणाला.

आपला,
धर्मगुरू